स्विचचे लॉग: काय गाळायचं, कुठं गाळायचं आणि सर्व्हरपर्यंत पोचवायचं कसं?

शिरोलीचा_नेटवाला

नमस्कार मंडळी.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत नेटवर्क मी एकटाच बघतो. ३८ स्विच, दोन राउटर, एक फायरवॉल. स्विच बहुतेक सिस्को कंपनीचे, गोडाऊन आणि वजनकाट्याकडे मायक्रोटिकचे. सगळ्यांचे लॉग, म्हणजे ही यंत्रं स्वतः लिहितात त्या घडामोडींच्या नोंदी, एका जुन्या पीसीवर लिनक्स आणि आरसिसलॉग (लॉग घेणारं सॉफ्टवेअर) टाकून गोळा करतो.

गेल्या मंगळवारी दुसऱ्या पाळीत मेल्टिंग शॉपचा फायबर गेला. भट्टीतून सॅम्पल लॅबला जातं, स्पेक्ट्रोवर कार्बन-सिलिकॉनचे आकडे निघतात आणि ते भट्टीजवळच्या स्क्रीनवर दिसतात. लिंक गेल्यामुळं आकडे लॅबमध्येच राहिले. एक पोरगा कागदावर आकडे लिहून लॅब ते भट्टी पळत होता. तोवर धातू भट्टीत धरून ठेवायचा, म्हणजे वीज जळतच राहते. पन्नास मिनिटं हे चाललं.

दुसऱ्या दिवशी त्या स्विचला कन्सोल केबल लावून 'शो लॉगिंग' बघितलं आणि खाली बसलो. नऊ दिवसांपासून ओळी पडल्या होत्या:

%एसएफएफ८४७२-५-थ्रेशोल्ड_व्हायोलेशन: आरएक्स पॉवर लो वॉर्निंग

म्हणजे फायबरमधून येणारा उजेड कमी होत चाललाय हे स्विच नऊ दिवस सांगत होता. त्या स्विचचे चारच पोर्ट वापरात आहेत म्हणून जुन्या ओळी बफरमध्ये (स्विचच्या स्वतःच्या मेमरीत) टिकल्या. सर्व्हरवर यातली एकही ओळ आलेली नाही. सर्व्हरवर काय आहे, तर ऑफिसातले पीसी बंद-चालू झाल्याच्या हजारो ओळी.

फेब्रुवारीत ओळी फार येतात म्हणून मीच सगळ्या स्विचवर 'लॉगिंग ट्रॅप वॉर्निंग्ज' टाकलं होतं. वाटलं, महत्त्वाचं तेवढं येईल. नेमकं उलटं का झालं? गाळणी स्विचवर लावायची की सर्व्हरवर? आणि ज्या लिंकवरून लॉग जातो तीच गेली तर तो पोचणार कसा? अनुभव असलेल्यांनी जरा सविस्तर सांगा.

रंकाळ्यावरचा_वारा

वाचतोय. आमच्या शाळेत २२ स्विच आहेत आणि लॉग सर्व्हर नाही. धाग्याच्या शेवटी तो उभा करायचाच असं ठरवून बसलोय.

बावड्याचा_केबलवाला

नेटवाले भाऊ, तुमचं दुखणं माझंपण हाय. माझ्याकडं मायक्रोटिकवर पीपीपीओईची (युजरनेम-पासवर्ड टाकून नेट जोडणारी) गिऱ्हाइकं. बावड्यात लाईट गेली की शे-दोनशे घरातली राउटर एका दमात बंद पडत्यात, परत आली की एका दमात चालू. त्या दोन मिनिटांत लॉग असा येतोय की बघायलाच नको. मी सरळ बंदच करून टाकलंय. चुकलं काय माझं?

प्रयोगशाळा_क्र_३

शिरोलीकर, 'उलटं का झालं' याचं उत्तर तुम्ही टाकलेल्या ओळीतच आहे. मी डिप्लोमाच्या मुलांना हे फळ्यावर काढून दाखवते.

टक्क्याच्या चिन्हानंतर तीन तुकडे असतात: कुणी सांगितलं, किती गंभीर, काय झालं. मधला आकडा ० ते ७. ० म्हणजे इमर्जन्सी, मग अलर्ट, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, नोटीस, इन्फॉर्मेशनल आणि ७ म्हणजे डीबग. आकडा लहान तितकं प्रकरण मोठं. 'ट्रॅप वॉर्निंग्ज' म्हणजे ० ते ४ जाऊ दे, ५, ६, ७ अडव.

आता हे बघा. कुणीतरी पीसी बंद केला की येते '%लिंक-३-अपडाउन'. तीन! म्हणजे एरर. आणि या तुमच्या गाळणीने अडवलेल्या ओळी:

%एसएफएफ८४७२-५: फायबरचा उजेड कमी
%ओएसपीएफ-५-एडीजेसीएचजी: शेजारचा राउटर तुटला
%सिस-५-कॉन्फिग_आय: कुणीतरी कॉन्फिगला हात लावला

तिन्ही पाचवर. चहा सांडला आणि चोथा कपात आला. हे आकडे कंपनीने ठरवलेले असतात. सात नंबरच्या पोर्टवर टायपिस्टचा पीसी आहे की भट्टीची स्क्रीन, हे त्या आकड्याला कळत नाही.

सिस्कोवर सर्व्हरला पाठवायची मूळ पातळी इन्फॉर्मेशनल, म्हणजे ६ असते. आधी सगळीकडं ती परत लावा.

पंचगंगेकाठी

मॅडम, फारच छान. एक भर घालतो, कारण सध्या रोज सकाळी आमच्या घरात हाच विषय असतो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे आकडे शहरासाठी योग्यच आहेत. पण सुतारवाड्यातल्या माणसाला ४३ ची वाट बघत बसता येत नाही, त्याचं सामान त्याआधीच हललेलं असतं. आणि वर ताराबाई पार्कात राहणारा ४३ ला फक्त मोबाईलवर फोटो बघत असतो. आकडा एकच, प्रत्येकाचा उंबरा वेगळा.

म्हणून मी पातळीवर गाळतच नाही, ओळीच्या नावावर गाळतो. 'थ्रेशोल्ड_व्हायोलेशन' आलं की मेसेज, मग ते कितीही नंबरचं असो.

उद्यमनगरचा_लेथ

२०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या गोडाऊनमधला रॅक खालून दोन यू (दोन कप्पे) बुडला. तेव्हापासून यूपीएस वर आणि पॅच पॅनल खाली.

बावड्याचा_केबलवाला

लेथ भाऊ, यूपीएसचं वजन बघून वर चढवा हं. आमच्या एका पोराच्या पायावर येता येता राहिलाय.

बँकेतला_आयटी

मला थोडं वेगळं मांडायचंय. वर सगळे 'सगळं पाठवा' कडं झुकतायत. मी एका सहकारी बँकेत आहे. आमचं लॉग बघायचं सॉफ्टवेअर दिवसाला किती जीबी आत आलं यावर पैसे घेतं. तिथं पीसी बंद-चालूच्या ओळी भरणं म्हणजे कचऱ्याला भाडं देणं. शिवाय शाखेची लाईन बारीक असते, तीवरून फालतू लॉग का वाहायचे? जे कुठंच लागणार नाही ते उगमापाशीच थांबवावं या मताचा मी आहे.

पण पातळीने नाही, पोर्टने थांबवा. ज्या पोर्टवर पीसी, तिथं:

इंटरफेस रेंज गिगाबिट १/०/१ - ४०
नो लॉगिंग इव्हेंट लिंक-स्टेटस

झालं. अपलिंकला, म्हणजे दुसऱ्या स्विचकडं जाणाऱ्या पोर्टला, हात लावायचा नाही, तिथलं अप-डाउन येत राहील. आमच्या एका शाखेत एवढ्याने ओळी विसाव्या हिश्शावर आल्या.

प्रयोगशाळा_क्र_३

सहमत. पोर्ट बघून केलं तर उगमापाशी गाळणं मलाही चालेल.

सीसीटीव्ही_दादा

बँकवाले सर, कॅमेऱ्याच्या पोर्टवर मात्र हे करू नका. कागल पंचतारांकितमध्ये एका गोडाऊनमधून माल गेला. चोराने आधी मागच्या बाजूच्या कॅमेऱ्याची केबल ओढली होती, त्यामुळं रेकॉर्डिंगमध्ये काहीच नाही. पण स्विचच्या लॉगमध्ये त्या पोर्टचं 'डाउन' रात्री २:१७ ला नोंदलेलं होतं. त्यावरून पुढच्या गेटचं २:०० ते २:४० एवढंच फुटेज बघितलं आणि गाडी सापडली. नाहीतर बारा तासांचं बघत बसलो असतो. कॅमेरा, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), वजनकाटा, पंचिंग मशीन यांच्या पोर्टचा लॉग चालूच ठेवायचा.

शिरोलीचा_नेटवाला

मॅडम, पंचगंगेकाठी, बँकवाले सर, सीसीटीव्ही दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. आज ट्रॅप इन्फॉर्मेशनल केलं आणि ऑफिसच्या पोर्टचं लिंक-स्टेटस बंद केलं. भट्टी, स्पेक्ट्रो, सँड प्लँटचे पोर्ट तसेच ठेवले. आता ओळी वाचता येतात.

पण एक शंका. सगळं घेऊन सर्व्हरवर ठेवायचं तर डिस्क पुरेल का? पीसीत ५०० जीबीची आहे.

पंचगंगेकाठी

हिशोब करू. एक ओळ साधारण २०० बाइट धरा. सेकंदाला १० ओळी, म्हणजे तुमच्या नेटवर्कला भरपूर झाल्या. २०० गुणिले १० गुणिले ८६,४०० सेकंद, म्हणजे दिवसाला १७ कोटी २८ लाख बाइट, सुमारे १७३ एमबी. १८० दिवसांचे ३१ जीबी. तेही न दाबता. लॉगरोटेट (जुन्या लॉग फाइली बाजूला काढणारा प्रोग्रॅम) जुनी फाइल दाबून ठेवतो आणि लॉगमध्ये तेच तेच शब्द असल्यामुळं ती फारच लहान होते. ५०० जीबी तुम्हाला उरून जाईल.

१८० दिवस का धरले, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढले त्यात लॉग चालू १८० दिवसांचे जपून आणि भारतातच ठेवायला सांगितलेत. खासगी कंपन्याही त्यात आल्या. ठरावीक प्रकारचा सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं, हेही त्यातच आहे.

साखरपट्टा

डिस्कचा विषय निघाला म्हणून लिहितो. हे जरा लांबेल, पण वाचा, कारण पोचवण्याच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

मी एका साखर कारखान्यात होतो. लॉग साध्या यूडीपीने, ५१४ पोर्टवर जायचे. यूडीपीत पोच नसते, गेलं तर गेलं. एक ऑडिटर आले आणि म्हणाले, लॉग हरवता कामा नये, टीसीपी करा, त्यात पोच मिळते. बरोबरच सांगितलं त्यांनी. मी फायरवॉल आणि सर्व्हर दोन्हीकडं टीसीपी केलं. दोन महिने उत्तम चाललं.

गळीत हंगाम भरात होता. पहाटे साडेचारला फोन. काट्यावर टोकन निघेना. ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यार्डातून पार रस्त्यापर्यंत आलेल्या. काट्याचं सॉफ्टवेअर फायरवॉलपलीकडच्या सर्व्हरशी बोलतं. पिंग नीट, केबल नीट, आधीपासून उघडी असलेली कनेक्शनं चालू, पण नवीन एकही कनेक्शन होईना. दीड तास शोधत होतो. बाहेर थंडीत शेतकरी बैलांना पेंड घालत उभे, कुणी मोठ्याने बोललं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

कारण सापडलं ते असं. लॉग सर्व्हरची डिस्क रात्री भरली, तिथलं सॉफ्टवेअर बंद पडलं, टीसीपी तुटलं. आणि आमच्या फायरवॉलचा नियम असा की टीसीपीचा लॉग सर्व्हर हाताला लागत नसेल तर नवीन कनेक्शन होऊ द्यायचं नाही. नोंद होणार नसेल तर वाहतूक नको, हा त्यामागचा विचार. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो चूक नाही, पण मला तो माहीत नव्हता.

टीसीपी लावा, जरूर लावा. फक्त लावण्याआधी 'सर्व्हर मेला तर हे यंत्र काय करतं' हे मॅन्युअलमध्ये वाचा आणि सर्व्हर मुद्दाम बंद करून एकदा बघा. दुपारी बघा, हंगामात नको.

बँकेतला_आयटी

सिस्कोच्या एएसए फायरवॉलवर हे अगदी असंच ठेवलेलं आहे. 'लॉगिंग परमिट-होस्टडाउन' लिहिलं की लॉग सर्व्हर गेला तरी वाहतूक चालू राहते. ही ओळ टाकायची की नाही हे प्रत्येक ठिकाणी बसून ठरवायची गोष्ट आहे. आमच्याकडं ते वरून लेखी घेतलंय.

रंकाळ्यावरचा_वारा

साखरपट्टा दादा, बैलांना पेंड घालत उभे असलेले शेतकरी डोळ्यासमोर आले. लॉगच्या धाग्यात असं काही वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

बावड्याचा_केबलवाला

मग माझ्या मायक्रोटिकचं काय करू? बंद ठेवलंय ते बरोबर का चूक, कुणीच बोलंना.

पंचगंगेकाठी

केबलवाले, बंद ठेवू नका. मायक्रोटिकवर पातळीपेक्षा टॉपिकचा खेळ असतो. सिस्टीम लॉगिंगमध्ये नियम टाकताना टॉपिकच्या आधी उद्गारचिन्ह दिलं की 'हे सोडून'. समजा 'पीपीपीओई, !डीबग' लिहिलं, की पीपीपीओईचं सगळं येईल, डीबग सोडून. प्रत्येक नियमाला प्रिफिक्स देता येतो, तिथं 'बावडा' लिहा, म्हणजे सर्व्हरवर ओळ कुठली ते लगेच कळेल. पीपीपीओईचे लॉग वेगळ्या फाइलला, बाकी सिस्टीम, क्रिटिकल, इंटरफेस वेगळ्या फाइलला. लाईट गेल्यावर पहिल्या फाइलला पूर येऊ दे, दुसरी स्वच्छ राहील.

आणि फायरवॉलच्या ड्रॉप नियमावर लॉग चालू असेल तर तेवढा बंद करा, किंवा त्याच्याआधी लिमिट लावून पाच-दहाच ओळी येतील असं करा. अर्धा कचरा तिथूनच येतो.

साखरपट्टा

पूर येतो तेव्हा सर्व्हरच्या बाजूनेही ओळी गळतात, हे लक्षात ठेवा. लिनक्सवर 'नेटस्टॅट -एसयू' मारा. 'रिसीव्ह बफर एरर्स'चा आकडा वाढत असेल तर ओळी दारापर्यंत येऊन परत गेल्यात. बफर वाढवायला लागतो.

बावड्याचा_केबलवाला

मारलं. आकडा चार हजाराच्या वर हाय! आणि मी स्विचला दोष देत बसलो होतो. दादा, नाद खुळा. उद्या बफर वाढवतो.

रात्रपाळी

सिस्कोवाल्यांना एक गोष्ट सांगतो, कुणीच काढली नाही. कन्सोल. कन्सोलवर मूळ पातळी डीबग असते, म्हणजे सगळंच तिथं छापलं जातं, केबल लावलेली असो नसो. कन्सोलचा वेग ९६००, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. शंभर अक्षरांची एक ओळ छापायला एक दशांश सेकंद. सेकंदाला पन्नास ओळी आल्या तर काय होईल ते बघा. मी एका जुन्या राउटरवर रात्री डीबग लावला आणि तो हातातून गेला, टाइप केलेलं अक्षर उमटायला मिनिट लागत होतं. शेवटी वीज काढून परत लावली.

'नो लॉगिंग कन्सोल' किंवा 'लॉगिंग कन्सोल क्रिटिकल'. आणि 'लॉगिंग बफर्ड' मोठा करा, ६४,००० तरी. शिरोलीकरांना जे सापडलं ते बफरमुळंच सापडलं.

उद्यमनगरचा_लेथ

रात्रपाळीवाले, एवढ्या रात्री कुठून लिहिताय?

रात्रपाळी

गोकुळ शिरगाव. समोर चहाची टपरी चालू आहे आणि पाऊस मी म्हणतोय. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचं आत्ताच वाचलं.

पंचगंगेकाठी

दोन उघडलेत असं ऐकलं. आईने गादी माळ्यावर टाकायला काढली.

प्रयोगशाळा_क्र_३

सगळे नीट राहा. पंचगंगेकाठी, काही लागलं तर इथं लिहा, आमच्या घरी वरचा मजला मोकळा आहे.

विषयावर येते. शिरोलीकरांचा तिसरा प्रश्न तसाच राहिलाय: लिंकच गेली तर लॉग कसा पोचणार? माझं उत्तर असं की लिंकला दोन टोकं असतात. मेल्टिंग शॉपच्या स्विचचं ओरडणं पोचणार नाही, पण त्याच फायबरचं दुसरं टोक तुमच्या कोर (मुख्य) स्विचमध्ये आहे आणि तो सर्व्हरच्या शेजारी आहे. त्याची '%लिंक-३-अपडाउन' नक्की आलेली असणार. पीसीच्या गर्दीत ती दिसली नसेल. कोर स्विचवरच्या फायबर पोर्टला 'डिस्क्रिप्शन' लिहा आणि सर्व्हरवर त्या पोर्टच्या ओळीला वेगळा नियम द्या.

शिरोलीचा_नेटवाला

मॅडम, आत्ता शोधलं. आहे! मंगळवारी ६:४२ ला कोर स्विचची ओळ आहे. तिच्या आधीच्या मिनिटात ऑफिस सुटल्यामुळं पीसी बंद झाल्याच्या ५७ ओळी. मी त्या दिवशी हीच फाइल उघडून बघितली होती.

साखरपट्टा

दोन टोकांचं बरोबर आहे, पण लिंक गेल्यावर पलीकडच्या बाजूला काय काय झालं हे फक्त पलीकडच्यालाच माहीत. त्यासाठी मेल्टिंग शॉपमध्ये एक लहानसा लिनक्सचा डबा ठेवा. तिथले स्विच, पीएलसीचा गेटवे, सगळे त्याला लॉग देतील. तो आरसिसलॉगने मुख्य सर्व्हरला पुढं पाठवेल. त्याच्या ॲक्शनमध्ये क्यूला (पाठवायच्या ओळींच्या रांगेला) फाइलचं नाव द्या आणि रिझ्यूम-रीट्राय-काउंट -१ ठेवा, म्हणजे तो प्रयत्न सोडत नाही. लिंक तुटली की तो डिस्कवर साठवत बसेल, परत आली की साठलेलं सगळं पाठवून देईल. डिस्कला कमाल मर्यादा लावायला विसरू नका, मी विसरलो होतो.

सगळ्या ३८ स्विचना याची गरज नाही. लांबच्या इमारतीत एक-एक पुरे.

बँकेतला_आयटी

एक बारीक गोष्ट. आरसिसलॉगमध्ये सिस्कोच्या ओळी नावावरून वेगळ्या करायला जाऊ नका. ओळीच्या सुरुवातीला सिक्वेन्स नंबर, तारीख अशी मांडणी असते, त्यात आरसिसलॉग भलत्याच शब्दाला हॉस्टनेम समजतो. 'फ्रॉमहोस्ट-आयपी' वापरा. आणि स्विचवर 'लॉगिंग सोर्स-इंटरफेस' ठरवून द्या, नाहीतर रस्ता बदलला की आयपी बदलतो आणि एकाच राउटरच्या दोन फाइली तयार होतात.

रंकाळ्यावरचा_वारा

एक प्राथमिक प्रश्न. आज जुन्या पीसीवर सर्व्हर उभा केला. ओळीच्या आधी <१८९> असं काहीतरी येतंय. ते काय आहे? आणि स्विच लॉग पाठवतोय की नाही हे काही बिघडायची वाट न बघता कसं तपासू?

प्रयोगशाळा_क्र_३

अभिनंदन! १८९ ला ८ ने भागा: २३, बाकी ५. २३ म्हणजे फॅसिलिटी (ओळ कुठल्या प्रकारच्या स्रोताची) लोकल७, सिस्कोची मूळ तीच असते. ५ म्हणजे नोटीस. १८७ आलं तर २३ गुणिले ८ अधिक ३, म्हणजे एरर. फॅसिलिटीच्या यादीत मेल, न्यूज, यूयूसीपी अशी जुनी नावं दिसतील. १९८० च्या दशकात एरिक ऑलमनने बर्कलीला सेंडमेल या मेल प्रोग्रॅमसाठी सिसलॉग (लॉग पाठवायची हीच पद्धत) केला, तेव्हाची ती नावं. लेखी मांडणी २००१ च्या आरएफसी (इंटरनेटच्या पद्धती मांडणारा दस्तऐवज) ३१६४ मध्ये आली आणि प्रमाण २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्ये. अजूनही बरीच यंत्रं जुन्या मांडणीतच पाठवतात.

तपासायला स्विचवर 'सेंड लॉग ५ चाचणी' असं टाइप करा. सर्व्हरवर ओळ दिसली पाहिजे.

रंकाळ्यावरचा_वारा

दिसली! पण तिच्यावर तारीख १ मार्च आहे. आणि पुढं एक चांदणी.

रात्रपाळी

ती चांदणी म्हणजे स्विच सांगतोय की माझ्या घड्याळावर विश्वास ठेवू नका. जुन्या स्विचमध्ये घड्याळाला बॅटरी नसते, वीज गेली की ते १ मार्चपासून सुरू होतं. चांदणीऐवजी टिंब दिसलं तर वेळ एकदा बरोबर लागली होती, पण आता टाइम सर्व्हरशी गाठ नाही. दोन्ही चिन्हं गेली की वेळ जुळली.

एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची पद्धत) लावा. सर्ट-इनच्या त्याच निर्देशात एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी घड्याळं जुळवायला सांगितलंय. एका राउटरने बाहेरून वेळ घ्यायची, बाकी सगळ्यांनी त्या राउटरकडून. टाइमझोनला ५ ३० द्या आणि 'सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स लॉग डेटटाइम एमसेक लोकलटाइम शो-टाइमझोन'. नाहीतर निम्मे स्विच साडेपाच तास मागे राहतील आणि सीसीटीव्ही दादांचं २:१७ कुठल्या कुठं जाईल.

सीसीटीव्ही_दादा

अगदी. डीव्हीआरचं घड्याळपण त्याच राउटरला जोडा. त्या प्रकरणात डीव्हीआर अकरा मिनिटं पुढं होता, ते जुळवण्यातच आमचा अर्धा दिवस गेला होता.

पंचगंगेकाठी

पाणी उतरतंय. आज सकाळी ३६ फूट. गादी खाली आली :) मॅडम, विचारलंत, खूप बरं वाटलं.

एक शेवटचं माझ्याकडून. येणाऱ्या ओळींवर नियम लावता तसा न येणाऱ्या ओळींवरही लावा. मी रोज सकाळी सातला एक स्क्रिप्ट चालवतो, ज्या आयपीकडून चोवीस तासांत एकही ओळ आली नाही त्याची यादी येते. गेल्या महिन्यात त्यात गंगावेशीतल्या दुकानाचा स्विच आला. बघितलं तर कुणीतरी बदलून नवा लावला होता आणि त्यावर लॉगचं कॉन्फिग टाकलंच नव्हतं.

शिरोलीचा_नेटवाला

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. काय काय केलं ते सांगतो.

मेल्टिंग शॉपमध्ये लिनक्सचा डबा बसवला, साखरपट्टा दादांनी सांगितलं तशी क्यू लावली आणि २ जीबीची मर्यादा घातली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फायबर काढून दहा मिनिटं थांबलो. परत लावल्यावर साठलेल्या ओळी क्रमाने आल्या. सर्व्हरवर सगळं घेतो, पण फोनवर मेसेज फक्त अकरा प्रकारच्या ओळींना. ती यादी भट्टीचे सुपरवायझर आणि मेंटेनन्सच्या लोकांबरोबर बसून केली, कारण कुठली लिंक गेली तर काय थांबतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. स्पेक्ट्रोची लिंक त्यांनी सगळ्यात वर लिहायला लावली.

आणि परवा सकाळी ९:१० ला मेसेज आला: सँड प्लँटचा स्विच, आरएक्स पॉवर लो वॉर्निंग, पातळी ५. शिडी लावून पेटी उघडली. आत बोटभर काळी धूळ, वाळूची आणि कोळशाच्या भुकटीची. पॅच कॉर्ड काढली, तिचं टोक भिंगाखाली धरलं तर मधोमध काळा ठिपका. क्लीनर पेन दोनदा फिरवला, परत लावली, उजेड उणे २२ डीबीएमवरून उणे ९ वर आला. पेटीच्या दाराला नवं रबर बसवलं. पाळी चालूच होती, कुणाला कळलंही नाही.

प्रयोगशाळा_क्र_३

मुलांना सोमवारी हेच दाखवते. त्या ठिपक्याचा फोटो काढला असेल तर इथं टाका ना.

बावड्याचा_केबलवाला

लय भारी, भाऊ. माझे एरर बफर वाढवल्यापासून थांबल्यात. शिरोलीला आलो की चहा माझ्याकडून.

शिरोलीचा_नेटवाला

मॅडम, फोटो रात्री टाकतो. केबलवाले, या नक्की.

एकच राहिलंय. ३८ पैकी ३७ स्विचची वेळ जुळली, पॅटर्न शॉपमधल्या एकाच्या ओळीपुढं अजून चांदणी आहे. राउटरला पिंग जातंय, एनटीपी मात्र जुळत नाही. मध्ये एखादी ॲक्सेस लिस्ट (काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं याची यादी) एनटीपीचा १२३ पोर्ट अडवत असेल का?

रात्रपाळी

तेच असणार. 'शो एनटीपी असोसिएशन्स' मारा आणि रीचचा आकडा इथं टाका. ० असेल तर उत्तरच येत नाहीये. मी जागाच आहे.